गट, गण आणि प्रभागांच्या सीमा : वस्ती फुटू नये यासाठी हरकत कशी घ्यावी

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत स्थानिक संस्थांच्या निवडणुका जवळ आल्या की चर्चा होते ती आरक्षणाच्या सोडतीची आणि उमेदवारीची. त्याआधी काही आठवडे तहसील कार्यालयाच्या फलकावर लागलेली प्रारूप प्रभाग रचना मात्र फार थोडे लोक थांबून वाचतात. खरे तर आरक्षणाने एखादी जागा कोणत्या प्रवर्गासाठी राखीव आहे एवढेच ठरते. त्या जागेवरचा सदस्य कोणाच्या मतांनी निवडून येईल आणि पुढची पाच वर्षे कोणाला बांधील राहील, हे सीमारेषेने ठरते. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारात स्वतंत्र मतदारसंघांऐवजी संयुक्त मतदारसंघांतील १४८ राखीव जागा स्वीकारल्या गेल्या, आणि तेव्हापासून राखीव जागेसाठीही त्या मतदारसंघातील सर्वच मतदार मत देतात. त्यामुळे भिल्ल, पावरा, तडवी, कोकणा, मावची अशा जमातींच्या किंवा अनुसूचित जातींच्या वस्तीचे तीन तुकडे तीन प्रभागांत गेले, तरी राखीव जागांचा आकडा तोच राहतो. फक्त त्या जागांवर कोण बसेल हे ठरवण्याची ताकद वस्तीच्या हातून जाते.

हे लिखाण गावातील किंवा शहरातील अशा वस्तीच्या वतीने हरकत दाखल करू इच्छिणाऱ्यांसाठी आहे. त्यासाठी वकील असण्याची गरज नाही, पण आकडेमोड, नकाशा आणि मुदत या तीन बाबतींत काटेकोर असावे लागते.

रचना कोण करते

ग्रामपंचायतीत प्रत्येक प्रभागातून सर्वसाधारणपणे दोन किंवा तीन सदस्य निवडले जातात आणि सदस्यसंख्या लोकसंख्येनुसार ७ ते १७ असते. १,५०० पर्यंत लोकसंख्या असल्यास ७, ३,००० पर्यंत ९, ४,५०० पर्यंत ११, ६,००० पर्यंत १३, ७,५०० पर्यंत १५ आणि त्यापुढे १७ सदस्य असतात. येथे प्रारूप तहसीलदारांच्या स्तरावर तयार होते, त्यात मंडळ अधिकारी, तलाठी आणि ग्रामसेवक यांचा सहभाग असतो, आणि हरकतींची सुनावणी प्रांताधिकारी घेतात. जिल्हा परिषदेसाठी जिल्ह्याचे निवडणूक विभाग, म्हणजे आपण ज्यांना गट म्हणतो ते, पाडले जातात आणि प्रत्येक गटात पंचायत समितीचे दोन गण असतात. धुळे व नंदुरबार जिल्हा परिषदांत प्रत्येकी ५६ गट आहेत. हे काम जिल्हाधिकारी कार्यालयातून होते. नगरपंचायतीत १७ प्रभाग असतात व प्रत्येकातून एक सदस्य निवडला जातो. महानगरपालिकेत बहुसदस्यीय प्रभाग असतात. प्रभाग रचनेचे अधिकार २०२२ च्या कायदादुरुस्तीने राज्य शासनाकडे गेले. निवडणूक घेण्याची जबाबदारी मात्र राज्य निवडणूक आयोगाकडेच आहे. म्हणून प्रत्येक वेळी प्रसिद्ध होणारा आदेश मिळवून हरकत नेमकी कोणाकडे द्यायची आहे हे त्यातच वाचावे, मागच्या वेळच्या आठवणीवर विसंबू नये.

मुदत फार थोडी असते. २०२५ साली जिल्हा परिषदांची प्रारूप रचना १४ जुलैला प्रसिद्ध झाली आणि हरकतींसाठी २१ जुलैपर्यंतचाच अवधी होता. धडगाव तालुक्यातील डोंगरावरच्या पाड्याला तहसीलच्या फलकावरची नोटीस समजायलाच त्यातले दोन-तीन दिवस जातात. म्हणून तयारी प्रारूप लागण्याआधी, शक्य असल्यास काही महिने आधी, पूर्ण करावी. माहितीच्या अधिकारातील उत्तराला तीस दिवस लागू शकतात, त्यामुळे तो मार्ग आधीच्या तयारीसाठी वापरावा. हरकतीच्या आठवड्यात मात्र थेट कार्यालयात जाऊन अभिलेख पाहण्याची लेखी मागणी करावी.

कोणते कागद जमवावेत

सर्वप्रथम प्रारूप अधिसूचना, तिच्यासोबतचा नकाशा, प्रत्येक प्रभागाची व्याप्ती व चतुःसीमा आणि लोकसंख्येचा तक्ता या चारही गोष्टींच्या प्रती घ्याव्यात. नकाशा आणि व्याप्तीचे वर्णन यांत विसंगती असेल, उदाहरणार्थ नकाशात जी गल्ली प्रभाग दोनमध्ये दिसते ती वर्णनात प्रभाग तीनमध्ये असेल, तर तो स्वतंत्र आणि भक्कम मुद्दा आहे.

रचनेसाठी २०११ च्या जनगणनेचे आकडे वापरले जातात. जनगणनेत गावनिहाय एकूण लोकसंख्या, अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती यांची संख्या मिळते, पण पाड्याची स्वतंत्र संख्या मिळत नाही. खानदेशच्या डोंगरपट्ट्यात नेमकी येथेच अडचण येते, कारण महसुली गाव एक असते आणि त्याचे पाडे कित्येक किलोमीटरवर विखुरलेले असतात. पाड्याचा आकडा सिद्ध करायचा असेल तर प्रगणक गटाची माहिती तहसील कार्यालयाकडे मागावी, कारण प्रगणक गट हाच जनगणनेचा सर्वांत लहान घटक आहे आणि रचना करताना तो शक्यतो फोडायचा नसतो. त्याला जोड म्हणून ग्रामपंचायतीच्या नमुना ८ (घरपट्टी आकारणीची नोंदवही) वरील घरांची यादी आणि अंगणवाडी सेविकेच्या सर्वेक्षण नोंदवहीतील कुटुंबसंख्या द्यावी. हे कागद २०११ च्या आकड्याची जागा घेऊ शकत नाहीत, परंतु वस्ती कोठे सुरू होते आणि कोठे संपते हे त्यांवरून निर्विवादपणे दाखवता येते. तळोदा व शहादा तालुक्यांतील सरदार सरोवर पुनर्वसन वसाहतींबाबत, वसाहतीतील कुटुंबे कोणत्या गावाच्या आकड्यात धरली आहेत हे वेगळे तपासून घ्यावे.

आकडेमोड

हरकतीचा कणा आकडेमोड आहे, म्हणून ती एका काल्पनिक उदाहरणाने सविस्तर पाहू. समजा, सातपुड्याच्या पायथ्याशी एका गावाची लोकसंख्या ३,६०० आहे. नियमानुसार सदस्य ११ होतील आणि प्रभाग चार पडतील, तीन प्रभाग प्रत्येकी तीन सदस्यांचे आणि एक दोन सदस्यांचा. ३,६०० ला ११ ने भागल्यास एका सदस्यामागे सुमारे ३२७ लोकसंख्या येते. म्हणजे तीन सदस्यांच्या प्रभागाची सरासरी ९८२ आणि दोन सदस्यांच्या प्रभागाची ६५५. सरासरीपेक्षा दहा टक्के कमी-जास्त चालते असे धरल्यास तीन सदस्यांचा प्रभाग सुमारे ८८४ ते १,०८० आणि दोन सदस्यांचा सुमारे ५८९ ते ७२० या मर्यादेत बसला पाहिजे.

आता या गावात अनुसूचित जमातीचे १,१५० लोक आहेत. ११ गुणिले १,१५० भागिले ३,६०० केल्यास ३.५१ येते आणि अर्ध्याहून अधिक अपूर्णांक पूर्ण धरला जात असल्याने चार जागा राखीव होतात. या १,१५० पैकी ६९० लोक गावाच्या पश्चिमेला एका सलग भिल्ल वस्तीत राहतात व ४६० इतरत्र विखुरलेले आहेत. प्रारूपात वस्तीचे २४०, २३० आणि २२० असे तुकडे तीन प्रभागांत टाकले, तर विखुरलेली कुटुंबे धरूनही कोणत्याच प्रभागात जमातीचा वाटा ३७ टक्क्यांपलीकडे जात नाही. चार राखीव जागांवर चार आदिवासी सदस्य निवडून येतीलच, परंतु त्यांतील प्रत्येकाला बाकीच्या ६३ टक्क्यांच्या मर्जीवर निवडून यावे लागेल. बहुसदस्यीय प्रभागात प्रत्येक मतदार अ, ब, क अशा प्रत्येक जागेसाठी एकेक मत देतो, त्यामुळे प्रभागात ज्या गटाचे बहुमत असते तो सर्व जागा घेऊ शकतो. ही गोष्ट पुष्कळ कार्यकर्त्यांच्याही लक्षात येत नाही.

याला पर्याय दोन आहेत. ६९० लोकांची संपूर्ण वस्ती एकट्याने दोन सदस्यांच्या प्रभागात बसते, कारण मर्यादा ७२० पर्यंत आहे. दुसरा पर्याय असा, की संपूर्ण वस्ती आणि तिला लागून असलेल्या आळीतील २९२ लोक मिळून तीन सदस्यांचा प्रभाग करावा. त्यात वस्तीचा वाटा ७० टक्के राहतो. माझे मत दुसऱ्या पर्यायाच्या बाजूचे आहे. पहिल्यात वस्ती शंभर टक्के असल्याने तिची मते गरजेपेक्षा जास्त एका ठिकाणी साठतात आणि शेजारच्या आळीशी राजकीय संबंधच उरत नाही. दुसऱ्यात तीनही जागांवर वस्तीचे म्हणणे चालते, शेजाऱ्यांचे मतही उमेदवाराला मागावे लागते, आणि ११ पैकी तीन जागा हे प्रमाण गावातील जमातीच्या ३२ टक्के वाट्यापेक्षा जास्त नसल्याने कोणावर अन्याय झाला असेही म्हणता येत नाही.

वस्तीचा वाटा जेमतेम ५१ टक्के ठेवून समाधान मानू नये. लोकसंख्येत लहान मुले अधिक असतील तर मतदारांतील वाटा कमी होतो, आणि दिवाळीनंतर निम्मा पाडा ऊसतोडीला किंवा गुजरातेत मजुरीला गेलेला असेल तर मतदानाच्या दिवशी तो आणखी घटतो. साठ-पासष्ट टक्क्यांच्या आसपासचे प्रमाण मला त्यामुळे आवश्यक वाटते.

शहरातही हेच गणित मोठ्या आकड्यांत लागू होते. जळगाव महानगरपालिकेत ७५ सदस्य आहेत आणि २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ४,६०,२२८ होती, म्हणजे एका सदस्यामागे सुमारे ६,१०० लोक. पाच हजारांची एखादी दलित किंवा मुस्लिम वस्ती एकसदस्यीय प्रभागात स्पष्ट बहुमतात असेल. चार सदस्यांच्या साडेचोवीस हजारांच्या प्रभागात तीच वस्ती केवळ पाचवा हिस्सा होते. प्रभाग किती सदस्यांचा असावा हे हरकतीतून बदलता येत नाही, कारण ते कायद्यानेच ठरते. पण वस्ती दोन प्रभागांत विभागली जाणार नाही एवढे निश्चितपणे मागता येते.

सीमा पायी फिरून पहा

रचना उत्तरेकडून सुरू करून ईशान्य, पूर्व असे वळत दक्षिणेकडे संपवायची असते, आणि नदी, नाले, रेल्वेमार्ग, मोठे रस्ते यांसारख्या नैसर्गिक व ठळक सीमा पाळायच्या असतात. धुळ्यातून पांझरा वाहते, भुसावळला रेल्वेमार्ग आहे, शिरपूर आणि चोपडा यांच्यामध्ये अनेर आहे. अशा रेषा ओलांडून एखादा प्रभाग किंवा गण गेला असेल तर कारण विचारण्याचा हक्क आहे. कागदावर लागून असलेली दोन गावे पावसाळ्यात नाल्यामुळे एकमेकांपासून तुटतात, हे नकाशा काढणाऱ्याला ठाऊक नसते. ते दाखवून देणे आपले काम आहे. वस्तीतील दोन जाणत्या माणसांना सोबत घेऊन प्रारूपातील सीमेवरून चालावे, ती ज्या घरांमधून जाते त्यांचे घरक्रमांक लिहून घ्यावेत आणि छायाचित्रे काढावीत. ‘आमच्यावर अन्याय झाला’ या वाक्यापेक्षा ‘घर क्रमांक ११२ प्रभाग एकमध्ये व त्याला भिंत लागून असलेले ११३ प्रभाग दोनमध्ये आहे’ हे वाक्य अधिकाऱ्याला उत्तर द्यायला भाग पाडते.

हरकतीचा मसुदा

हरकत एका पानाची असावी आणि तिच्यासोबत पर्यायी नकाशा व तक्ता जोडावा. पर्याय न देता केवळ विरोध नोंदवला, तर ‘लोकसंख्येचा समतोल बिघडतो’ एवढ्या एका शेऱ्याने ती फेटाळली जाते. मजकूर साधारण असा ठेवता येईल:

‘मौजे …, ता. …, जि. … येथील प्रारूप प्रभाग रचनेत अनुसूचित जमातीच्या वस्तीतील घरे प्रभाग क्र. १, २ व ३ मध्ये विभागण्यात आली आहेत. सदर वस्ती सलग असून तिच्यामधून नदी, नाला किंवा मुख्य रस्ता जात नाही. अनुसूचित जाती व अनुसूचित जमातींच्या वस्त्यांचे शक्यतो विभाजन करू नये, या तत्त्वाशी ही रचना विसंगत आहे. सोबतच्या नकाशाप्रमाणे संपूर्ण वस्ती व लगतची आळी प्रभाग क्र. २ मध्ये समाविष्ट केल्यास सर्व प्रभागांची लोकसंख्या विहित मर्यादेत राहते. तपशील सोबतच्या तक्त्यात दिला आहे. सबब प्रारूपात त्याप्रमाणे बदल करावा व मला प्रत्यक्ष सुनावणीची संधी द्यावी, ही विनंती.’

‘शक्यतो’ हा शब्द अधिकाऱ्याला मोकळीक देतो, म्हणून विभाजन टाळणे शक्य होते हे आपल्या तक्त्यानेच सिद्ध व्हायला हवे. हरकतीत कोणत्याही पुढाऱ्याचे किंवा पक्षाचे नाव घेऊ नये. हेतू सिद्ध करणे कठीण असते आणि त्यात मूळ मुद्दा हरवतो. शेकडो सह्यांचा एकच अर्ज देण्यापेक्षा वेगवेगळ्या कुटुंबांचे आठ-दहा स्वतंत्र अर्ज द्यावेत, म्हणजे सुनावणीला तितक्या जणांना बोलता येते. अर्ज आवक विभागात देऊन दिनांक, शिक्का आणि आवक क्रमांक असलेली पोहोच घ्यावी. पोहोच नसलेला अर्ज पुढे कोठेही उपयोगी पडत नाही.

२०२५ मध्ये जिल्हा परिषदेच्या हरकतींचा निर्णय विभागीय आयुक्तांच्या स्तरावर होता, आणि खानदेशसाठी ते कार्यालय नाशिकला आहे. मजुरी बुडवून अक्कलकुवा किंवा धडगावहून नाशिकला जाणे सोपे नाही, हे व्यवस्थेनेही समजून घ्यायला हवे. तालुक्यातील सर्व हरकतदारांनी मिळून दोन प्रतिनिधी ठरवावेत आणि त्यांना लेखी अधिकारपत्र द्यावे. सुनावणीत वेळ थोडा मिळतो, म्हणून नकाशा आधी समोर ठेवावा आणि मग बोलावे. हरकत अमान्य झाली तर कारणांसह लेखी निर्णयाची प्रत मागावी.

न्यायालयाचा मार्ग अरुंद आहे. संविधानाच्या अनुच्छेद २४३-ओ आणि २४३-झेडजी यांनी स्थानिक संस्थांच्या मतदारसंघांची आखणी व जागावाटप यांविषयीच्या कायद्याला न्यायालयात आव्हान देण्यावर निर्बंध घातले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये गुजरातमधील बारडोलीशी संबंधित एका प्रकरणात, विधानसभा मतदारसंघांच्या पुनर्रचनेचा आदेश उघडपणे मनमानी व संविधानिक मूल्यांशी विसंगत असल्यास न्यायालय तो तपासू शकते, असे म्हटले आहे. तरीही निवडणूक जाहीर झाल्यावर न्यायालये हात आखडता घेतात, म्हणून अंतिम रचना प्रसिद्ध होताच औरंगाबाद खंडपीठातील वकिलाचा सल्ला घ्यावा.

रचनेनंतर सोडत आणि मतदारयादी

अनुसूचित जाती-जमातींच्या जागा कोणत्या प्रभागात किंवा गटात जातील हे त्यांच्या लोकसंख्येच्या टक्केवारीचा उतरता क्रम आणि चक्रानुक्रम (निवडणुकीगणिक राखीव जागा फिरवण्याची पद्धत) यांवर ठरते. वस्ती फुटली की टक्केवारी घसरते आणि राखीव जागा भलतीकडेच जाते. सीमेचा हा दुसरा परिणाम. सोडतीच्या दिवशी उतरत्या क्रमाचा तक्ता मागून तो आपल्या आकड्यांशी ताडून पहावा. प्रत्येक प्रवर्गात निम्म्या जागा महिलांच्या असतात. इतर मागासवर्गाच्या जागांचा प्रश्न वेगळा आहे. ४ मार्च २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने एकूण आरक्षण ५० टक्क्यांवर जाऊ नये असे बजावल्यानंतर धुळ्यात १५ आणि नंदुरबारमध्ये ११ गटांत त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पुन्हा मतदान घ्यावे लागले होते. हा वाद प्रभागाच्या हरकतीत मिसळू नये. जो उमेदवार म्हणून उभा राहणार आहे त्याने जात पडताळणीचा अर्ज मात्र आजच द्यावा.

अंतिम रचना मनासारखी झाली तरी काम संपत नाही. विधानसभेची मतदारयादी प्रभागनिहाय फोडली जाते, आणि त्या वेळी एखाद्या पाड्याची नावे शेजारच्या प्रभागाच्या यादीत टाकली जाण्याचा धोका असतो. प्रारूप यादी घरोघर वाचून दाखवावी आणि चुकीच्या प्रभागात गेलेल्या नावांची हरकत घरक्रमांकासह द्यावी.

अनुसूचित क्षेत्रात आणखी एक मार्ग

अक्कलकुवा, अक्राणी (धडगाव), तळोदा आणि नवापूर हे तालुके पूर्णतः, तर शहादा, नंदुरबार, साक्री, शिरपूर, चोपडा, यावल आणि रावेर हे अंशतः अनुसूचित क्षेत्रात येतात. तेथे १९९६ चा पेसा कायदा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींसाठीचा वेगळा कायदा, लागू आहे. त्यानुसार पंचायतीत निम्म्याहून कमी जागा जमातींसाठी ठेवता येत नाहीत आणि अध्यक्षपदे जमातींसाठीच राखीव असतात. या कायद्यात गावाची व्याख्या महसुली नोंदीपुरती मर्यादित नाही. आपल्या रूढी-परंपरेने कारभार चालवणारा पाडा किंवा पाड्यांचा समूह म्हणजे गाव. महाराष्ट्राच्या २०१४ च्या पेसा नियमांनुसार पाड्यातील मतदारांनी ठराव करून स्वतंत्र गाव घोषित करण्याची मागणी करता येते. त्यामुळे पाड्याला स्वतःची ग्रामसभा मिळते, आणि प्रभागाच्या रचनेत तो एकसंध घटक आहे हे सांगायला शासनाचाच कागद हाती येतो.

विधानसभा आणि लोकसभेच्या सीमा

येथे सामान्य नागरिकाला संधी क्वचितच मिळते. सध्याच्या सीमा २००१ च्या जनगणनेवर आधारलेल्या असून २००८ च्या आदेशाने लागू झाल्या. त्यात अनुसूचित जमातींसाठी लोकसंख्येतील वाटा सर्वाधिक असलेले मतदारसंघ राखीव केले गेले. नंदुरबार लोकसभेचे सहाही विधानसभा मतदारसंघ, म्हणजे अक्कलकुवा, शहादा, नंदुरबार, नवापूर, साक्री आणि शिरपूर, तसेच जळगाव जिल्ह्यातील चोपडा हे जमातींसाठी राखीव आहेत आणि भुसावळ अनुसूचित जातींसाठी. त्याआधी राखीव असलेला धुळे लोकसभा मतदारसंघ मात्र खुला झाला. पुढील पुनर्रचना नव्या जनगणनेच्या आकड्यांवर होईल आणि त्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ असा अधिसूचित झाला आहे. नंदुरबार जिल्ह्यात २०११ साली जमातींचे प्रमाण ६९.३ टक्के, धुळ्यात ३१.६ टक्के आणि जळगावात १४.३ टक्के नोंदले गेले. हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर ऊसतोडीला गेलेले कुटुंब मोजणीतून सुटले, तर हेच आकडे चुकतील आणि पुढची कित्येक वर्षे चुकीचेच राहतील. मुकादमाकडून कुटुंबांच्या मुक्कामाचे ठिकाण आधीच लिहून घ्यावे, तेथील प्रगणकाकडे त्यांची नोंद झाल्याची दूरध्वनीवरून खात्री करावी आणि जमातीच्या रकान्यात अनुसूचित जमातींच्या यादीतील नावच लिहिले गेले आहे हे विचारून घ्यावे.